लांब पल्ल्याच्या नेमबाजीसाठी परवडणारा स्कोप निवडताना

नवशिका नेमबाज बहुधा स्कोपच्या, म्हणजे बंदुकीवरच्या दुर्बिणीच्या, वर्धनाच्या आकड्याला भुलतो. वास्तविक 4 ते 16 पट वर्धनाचा स्कोप पुरेसा असतो. त्यापुढे स्वस्त भिंगांतले चित्र धूसर होते आणि शरीराचा कंपही अधिक जाणवतो. खरी पारख टरेटची, म्हणजे नेम सरकवणाऱ्या फिरत्या बटणाची करावी, कारण प्रत्येक क्लिकसरशी नेम ठरल्याइतकाच सरकत नसेल आणि टरेट उलट फिरवल्यावर मूळ शून्यावर परतत नसेल, तर उत्तम काचही वाया जाते. रेटिकल (स्कोपमध्ये दिसणारी नेम धरण्याची खूण) आणि टरेट एकाच मापाचे, म्हणजे दोन्ही मिलमध्ये किंवा दोन्ही एमओएमध्ये (ही कोन मोजण्याची एकके) असावेत. 0.1 मिलच्या एका क्लिकने 100 मीटरवर नेम 1 सेंटिमीटर सरकतो, हा हिशेब नवख्यालाही सोपा जातो. पॅरलॅक्स, म्हणजे डोळा हलला की खूण लक्ष्यावरून सरकल्यासारखी दिसणे, जुळवण्याची सोय हवीच. प्रकाशमान रेटिकलवर मात्र पैसे घालवू नयेत. वाचलेली रक्कम स्कोप बंदुकीवर बसवणाऱ्या भक्कम माउंटवर खर्च करावी.