आजीच्या पेटीतलं जुनं मोगरा अत्तर आणि त्यातनं घरी बनवलेला परफ्युम

पंचवटीतला आमचा वाडा रिकामा करताना माळ्यावरच्या ट्रंकेत आजीची अत्तरपेटी सापडली. आतून लाल मखमल, बारा खाचा, आणि बुधल्या फक्त पाच. लेबलं अर्धी उडालेली, दोनवर मोगरा आणि गुलाब एवढं वाचता आलं, बाकीची नाकानेच ओळखायची. मामा म्हणाला फेकून दे, एक्स्पायर झालं असेल. नाही फेकलं. तेव्हापासून सात वेळा त्यातनं काहीतरी बनवलंय, तीन सरळ गटारात गेले, दोन ठीक, आणि दोन असे जमले की आता प्रत्येक लग्नाच्या आधी मावश्यांचे फोन येतात. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवते.

आधी एक गोष्ट, जी मला तीन बॅच वाया घालवल्यावर कळली. जुनं अत्तर म्हणजे सगळंच भारी असं नसतं. चंदन, खस, हिना, पचौली ही मंडळी वर्षानुवर्षं मुरतात आणि जास्तच गोल होतात. मोगरा, गुलाब यांचं तसं नाही, त्यांचा खालचा दाट वास राहतो पण वरचा तो हिरवा, ओला, आत्ताच कळी उमलली असा भाग उडून गेलेला असतो. आणि लिंबू, संत्रं, मोसंबीच्या सालीचं तेल जुनं असेल तर ते वापरूच नका, त्यातलं लिमोनीन हवेने बदलतं, टर्पेंटाइनसारखा वास येतो आणि अंगावर पुरळ उठू शकतं. म्हणजे जुन्या फुलाच्या अत्तरात एक भोक पडलेलं असतं, आणि आपलं खरं काम ते भोक बुजवायचं आहे, बाकी त्याला फार नटवायचं नाही.

बुधली उघडणं

काचेचं बूच चिकटलेलं असणार, तेल घट्ट होऊन डिंकासारखं बसतं. जोर लावू नका, मी लावला आणि हिनाच्या बुधलीची मान हातात आली. कोमट पाण्यात पिळलेलं फडकं मानेभोवती दोन मिनिटं धरायचं, बुचाच्या कडेला एक थेंब तेल सोडायचं, अर्धा तास विसरून जायचं, मग हलक्या हाताने फिरवायचं. नाही निघालं तर पुन्हा तेच, दुसऱ्या दिवशी.

उघडल्यावर लगेच नाक खुपसू नका. ड्रॉइंग पेपरच्या बोटभर पट्ट्या कापा, एक टोक बुडवा, आणि वास तीनदा घ्या, १० मिनिटांनी, तासाने, दुसऱ्या दिवशी सकाळी. पहिला वास बऱ्याचदा घाण असतो, बंद कपाटासारखा, तो बुधलीच्या वरच्या थराचा असतो, त्यावरून निकाल लावायचा नाही. मोगऱ्यात थोडी डांबरगोळीसारखी झाक येईल, घाबरू नका, ते इंडोल, ते खऱ्या मोगऱ्यात असतंच. रात्री केसात माळलेला गजरा सकाळी उशीवर तपकिरी होऊन पडलेला असतो ना, त्याचा वास घेऊन बघा, तोच. पण जुन्या खोबऱ्यासारखा खवट वास आला आणि सकाळपर्यंत तोच राहिला तर मात्र बेसचं, म्हणजे ज्यात वास उतरवलेला असतो ते तेलच गेलंय, ती बुधली बाजूला.

आत धुकट दिसत असेल किंवा तळाला पाण्याचे मणी असतील तर ते डेगमधून, म्हणजे अत्तर काढायच्या तांब्याच्या भांड्यातून आलेलं गुलाबपाणी किंवा मोगऱ्याचं पाणी असतं. पूर्वी हे जाण्यासाठीच अत्तर चामड्याच्या कुप्पीत ठेवायचे, चामड्यातून ओल हळूहळू बाहेर जाते आणि तेल आत राहतं. आपण बुधली दोन दिवस उभी ठेवायची आणि वरचं तेल काचेच्या पिपेटने काढून घ्यायचं. कचरा असेल तर कॉफीचा फिल्टर पेपर. चहाची गाळणी नको, कितीही घासली तरी तिला चहाचा वास असतोच.

पेटी नसेल तर

तर विकत घ्या, पण डोळे उघडे ठेवून. चांगलं जुन्या पद्धतीचं अत्तर कनौजच्या डेग-भपक्यातलं असतं, तांब्याच्या डेगमध्ये फुलं आणि पाणी उकळायचं, वाफ बांबूच्या नळीतून भपक्यात, म्हणजे ती गोळा करायच्या भांड्यात, आणि भपक्यात आधीच चंदनाचं तेल भरलेलं, वास त्यात उतरतो. स्वस्तातल्या मालात चंदनाच्या जागी लिक्विड पॅराफिन नाहीतर डीओपी नावाचं प्लास्टिकवालं केमिकल घालतात, ज्याला स्वतःचा वास नसतो म्हणून पकडता येत नाही. मी एकदा ऑनलाइन २०० रुपयांत "शुद्ध मोगरा इसेन्शियल ऑइल" मागवलेलं. आलं ते रूम फ्रेशनर. नंतर कळलं की मोगरा उकळला की त्याचा नाजूक वास बिघडतो, म्हणून जगात त्याचं बहुतेक अ‍ॅब्सोल्यूट काढतात, म्हणजे सॉल्व्हंटने वेगळा केलेला दाट अर्क, आणि ते २०० रुपयात शक्यच नाही. तर मोगऱ्याचं एकतर चंदनावरचं अत्तर घ्या नाहीतर अ‍ॅब्सोल्यूट घ्या, ग्रॅमवर, एक-दोन ग्रॅम पुष्कळ झालं.

भोक बुजवायचं: ताजा मोगरा

हा माझा आवडता भाग आणि नाशिककरांना इथे फायदा आहे. मुघलांच्या काळात आपल्या गावाचं नाव गुलशनाबाद होतं हे शाळेत सगळ्यांनी ऐकलंय. आता जानोरी-मोहाडीच्या पॉलीहाऊसमधले गुलाब दिसायला एक नंबर, बॉक्समध्ये आठ दिवस टिकतात, पण नाकाला लावून बघा, काहीच नाही. ते आपल्या कामाचे नाहीत. गुलाब लागलाच तर गुलकंदवाला गावठी गुलाब. मोगरा मात्र उन्हाळ्यात बाजारात भरपूर येतो, आणि मोगऱ्याची गंमत अशी की तो तोडल्यावरही वास सोडत राहतो. गुलाब तसं करत नाही. निशिगंध करतो. म्हणून मोगऱ्याला शिजवायचं नाही, बुडवायचं पण नाही, फक्त तेलाजवळ बसवायचं.

आपल्याकडे पूर्वी फुलेल असंच करायचे, तिळाचे आणि फुलांचे थर, फुलं रोज बदलायची, शेवटी ते तीळ घाण्यावर. घाण्याला किलोंनी तीळ लागतात, त्यामुळे घरी मी कापडाने करते. मलमलचा जुना धुतलेला तुकडा घ्या, साबणाचा वास नसलेला, हे महत्त्वाचं, मी पहिल्यांदा सॉफ्टनरमधला घेतला आणि सगळ्या तेलाला लाँड्रीचा वास. तो ५० ग्रॅम फ्रॅक्शनेटेड कोकोनट ऑइलमध्ये (बिनवासाचं, न गोठणारं खोबरेल) भिजवा. साधं खोबरेल नको, त्याला स्वतःचा वास आहे आणि ते २४ डिग्रीच्या आसपास गोठतं, जोजोबा चालतं पण आपल्याकडे निफाडची थंडी पडली की तेही धुरकट होतं. कापड झाकणवाल्या स्टीलच्या पसरट डब्यात अंथरा. सकाळी फुलबाजारातून कळ्या आणा, उमललेली फुलं नाही, आणि पाणी मारलेल्या नाहीत, गजरेवाले पाणी मारतात तर आधीच सांगून ठेवा. घरी आणून पंख्याखाली तासभर, देठाचा हिरवा भाग काढून टाका, आणि दुपारी कापडावर एकेरी थरात पसरा. झाकण. संध्याकाळी सात-आठच्या सुमाराला त्या उमलायला लागतात, डबा उघडायचा मोह होतो, उघडू नका.

दुसऱ्या दिवशी दुपारी जुन्या काढा, नव्या घाला. तीन दिवसांनी वाटेल काहीच होत नाहीये. पाचव्या-सहाव्या दिवशी कापडाला वास यायला लागतो. मी दहा वेळा बदलते. एक जरी काळी पडलेली कळी राहिली तरी आंबट वास बसतो म्हणून काढताना उजेडात बघून काढायच्या. शेवटी कापड घट्ट पिळायचं, माझे ५० चे साधारण ३५ ग्रॅम हाती येतात, ते काचेच्या बाटलीत एक रात्र ठेवून खाली पाणी दिसलं तर वरचं तेवढं काढायचं. हे आपलं बेस तेल.

अल्कोहोल का नाही असं कुणीतरी विचारणारच. शुद्ध इथाइल अल्कोहोल उत्पादन शुल्क खात्याच्या परवान्याचा विषय आहे, सॅनिटायझर आणि सर्जिकल स्पिरिट हे परफ्युमला चालत नाही, आणि वोडका ४२.८ टक्क्यांची, म्हणजे निम्म्याहून जास्त पाणी, त्यात अत्तर घातलं की ताकासारखं पांढरं होतं. केलंय मी ते पण.

मोजमाप

थेंब मोजू नका. खसचा थेंब आणि बर्गमॉटचा (लिंबाच्या जातीच्या फळाच्या सालीचं तेल) थेंब यांचं वजन सारखं नसतं. सराफाकडे असतो तसा ०.०१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा घ्या, पंखा बंद ठेवून वापरा नाहीतर आकडे नाचतात. आणि थेट बुधलीतलं जुनं अत्तर प्रयोगाला लावू नका, ते परत मिळणार नाही. प्रत्येकाचं १० टक्क्याचं पातळ करून ठेवा, ०.१ ग्रॅम अत्तर आणि ०.९ ग्रॅम साधं तेल (तेच फ्रॅक्शनेटेड कोकोनट ऑइल), सगळ्या ट्रायल त्यावर. वही जवळ ठेवा. "अंदाजे" असं लिहिलेलं माझं एक पान आहे, त्यातलं अत्तर सगळ्यात छान झालेलं आणि ते आता कधीच परत होणार नाही.

माझं सध्याचं, १० ग्रॅमसाठी: जुनं मोगरा अत्तर ०.६० ग्रॅम, चंदनाचं तेल ०.४५, गुलाबाचं अत्तर ०.२०, रूह खस (रूह म्हणजे चंदनाशिवाय काढलेलं निव्वळ तेल) ०.१५, बकुळीचं अत्तर ०.०६, बर्गमॉट ०.०४, आणि मोगऱ्याचं बेस तेल ८.५०. तुमच्याकडे मोगऱ्याचं अ‍ॅब्सोल्यूट असेल तर ते ०.२० च्या वर नेऊ नका आणि उरलेलं चंदनाने भरा, ते फार तेज असतं. बर्गमॉट थंड दाबून काढलेलं असेल तर त्यात बर्गाप्टेन असतं, उन्हात त्वचा भाजल्यासारखे डाग पडतात, म्हणून मुळातच कमी आणि शक्यतो बर्गाप्टेन काढलेलं घ्या.

क्रम असा की आधी चंदन आणि खस एकत्र. खस हिरवट दिसली तर भेसळ समजू नका, तांब्याच्या डेगमुळे तो रंग येतो. मग त्यात मोगरा आणि गुलाब, हलवा, अर्धा तास थांबा, पट्टीवर वास घ्या. मग बकुळ. ती थोडी थोडी करून, कारण ती मधाळ आहे आणि जास्त झाली की देव्हाऱ्यासारखं होतं. मग बर्गमॉट, आणि सगळ्यात शेवटी बेस तेल. अ‍ॅब्सोल्यूट वापरत असाल तर ते चंदनातच विरघळवून घ्या, थेट तेलात टाकलं की तळाला चिकट गोळा बसतो. थंडीत गुलाबाचं रूह घट्ट झालं, आत स्फटिक दिसले, तर बाटली तळहातात धरा, होतं पातळ.

आणि केवडा. नाही. म्हणजे घाला, पण सुईच्या टोकाएवढा. दुसऱ्या बॅचमध्ये मला वाटलं गणपतीचा फील येईल म्हणून मी हात सैल सोडला आणि केवड्याने मोगरा गिळला, गुलाब गिळला, चंदनसुद्धा गिळलं. गटारात गेलेल्या तीनातला तो पहिला.

मधेच नाक बधिर होतं. कॉफीच्या बिया हुंगायचं फॅड आहे, त्यापेक्षा स्वतःच्या कोपराच्या आतल्या बाजूचा वास घ्या आणि गॅलरीत चक्कर मारून या.

मुरवणं आणि लावणं

गडद काचेची बाटली, तोंडापर्यंत भरलेली, वर रिकामी जागा कमी. ड्रॉपरवाली नको, त्याचं रबर तेलाने फुगतं आणि वास सोडतं. लेबलवर तारीख. मग सहा आठवडे कपाटात, आठवड्यातून एकदा हलवायची. पहिल्या आठवड्यात वास तुकड्यातुकड्यात येतो, मोगरा वेगळा, खस वेगळी, मला वाटायचं फसलं. चौथ्या आठवड्यानंतर ते एकमेकांत मिसळतात आणि तेव्हाच कळतं काय झालंय ते. एप्रिल-मेमध्ये माझी बाटली फ्रिजमध्ये असते, स्टीलच्या घट्ट डब्यात, कारण एकदा दुधाला चंदनाचा वास लागला आणि सासूबाईंनी खीर समजून कौतुक केलं, तेवढ्यावर निभावलं.

लावायच्या आधी कोपराच्या आत एक ठिपका लावून २४ तास बघा, नैसर्गिक आहे म्हणून अ‍ॅलर्जी होत नाही असं काही नसतं. लहान बाळांना नको. पैठणीवर, पांढऱ्या कपड्यावर थेट नको, डाग जात नाही. मनगटाला लावून दोन्ही मनगटं घासू नका. आजी कापसाचा फाया करून कानाच्या पाळीच्या वरच्या घडीत ठेवायची, दिवसभर पुरायचं, मी पण आता तेच करते, ऑफिसमध्ये लोक विचारतात कानाला काय झालं.

बुधली संपली की धुवू नका. एक ग्रॅम साधं तेल घाला, बूच लावून आडवी करून फिरवत राहा, दोन दिवसांनी ते तेल काढून पुढच्या बॅचमध्ये घाला. आणि मग बूच काढून ती रिकामी बुधली साड्यांच्या कपाटात ठेवा.