सुमोचे भाग वापरून जुनी टाटामोबाइल उभी करण्यापूर्वी

टाटामोबाइल 206 ही पिकअप 1988 मध्ये आली आणि तिच्याच बांधणीतून पुढे 1994 साली सुमो निघाली. सुरुवातीच्या सुमोत 206 चेच 1948 सीसीचे डिझेल इंजिन असल्यामुळे आज अशी पिकअप पुन्हा उभी करायची तर डोनर म्हणून, म्हणजे भाग काढून घेण्यासाठी, जुनी सुमो शोधणे सर्वांत व्यवहार्य ठरते. मात्र नंतरच्या सुमोत टर्बो आणि 3 लिटरची इंजिनेही आली, त्यामुळे केवळ नाव पाहून सौदा करू नये, बॉनेट उघडून खात्री करावी.

पैसे देण्याआधी डोनरची कागदपत्रे पाहावीत. आरसीवरचे (नोंदणी प्रमाणपत्रावरचे) इंजिन आणि चॅसी क्रमांक गाडीवरच्या क्रमांकांशी ताडून पाहावेत, चॅसी क्रमांकाची पेन्सिलने छाप घ्यावी आणि कर्जाचा बोजा उतरलेला आहे ना, हे तपासावे. पिकअपमध्ये दुसऱ्या गाडीचे इंजिन बसवायचे, तर मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 प्रमाणे परिवहन कार्यालयाची मंजुरी आणि आरसीवर नव्या इंजिन क्रमांकाची नोंद आवश्यक असते. ही चौकशी इंजिन खाली उतरवण्याआधी करावी, कारण काम झाल्यावर केलेल्या अर्जाला फार प्रश्न विचारले जातात.

सुमो चालू होत असेल, तर खोलण्याआधी ती सुरू करून पाहावी. थंड इंजिन हीटर प्लगवर किती वेळात उठते, ऑइलचे झाकण काढल्यावर धुराचा जोर किती येतो आणि चौथ्या गिअरमध्ये आवाज आहे का, हे एकदा गाडी सुटी झाली की कळत नाही.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट, जी मागच्या वेळी माझ्याकडून राहिली. डोनरवरून कोणताही भाग काढताना त्याचे ब्रॅकेट, बोल्ट, वॉशर, बुश आणि वायरचे कनेक्टर त्याच्याबरोबरच काढावेत, एका पिशवीत घालावेत आणि त्यावर नाव लिहावे. बॅटरी चार्ज करणारा डायनॅमो सुटा काढून आणला आणि इंजिनावरचा त्याचा ब्रॅकेट, पट्टा ताणण्याची खाचेची पट्टी व मधला छोटा स्पेसर (अंतर राखणारा तुकडा) सांगाड्यावरच राहिला, तर डायनॅमो असून नसल्यासारखा आहे. तो स्पेसर नसला की पुली एका रेषेत येत नाही, पट्टा कडेने कातरला जातो आणि लेथवर अंदाजाने करून घेतलेला स्पेसर जराही जाड-बारीक झाला, तरी तेच होते. हीच गोष्ट स्टार्टरच्या बोल्टची, क्लचच्या फोर्कची, अ‍ॅक्सिलरेटर केबलच्या क्लिपची आणि इंजिन ते चॅसी जाणाऱ्या अर्थिंगच्या पट्टीची. ही पट्टी राहून गेली, तर स्टार्टरचा विद्युतप्रवाह एखाद्या केबलमधून वाट काढतो आणि ती केबल तापून जळते. मुंबईत कुर्ल्याच्या जुन्या भागांच्या बाजारात डायनॅमो मिळेल, पण त्याचा नेमका ब्रॅकेट मागायला गेल्यास दुकानदार मान हलवतो. म्हणून पुन्हा सांगतो, पिशवी आणि चिठ्ठी. मजूर घाई करत असला तरी त्याला थांबवावे.

वायरिंगचेही तसेच. हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, कापू नये, कनेक्टरसह पूर्ण सोडवून काढावा आणि प्रत्येक टोकाला चिकटपट्टी लावून ते टोक कोठे जात होते, ते लिहावे. खोलण्याआधी फोटो काढावेत, तेही ब्रॅकेट दिसतील असे.

सर्वच भाग जसेच्या तसे बसत नाहीत. सुमोचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांतले अंतर) आखूड आहे, म्हणून तिचा प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे जाणारा फिरता दांडा), हँडब्रेकची केबल, मागच्या ब्रेकची नळी आणि मागच्या दिव्यांची वायर पिकअपला पुरणार नाही. पिकअपचे हे भाग खराब असले तरी मापासाठी जपावेत. प्रोपेलर शाफ्ट लांब करून घेतला, तर बॅलन्सिंग केल्याशिवाय बसवू नये. सुमोचा मागचा अ‍ॅक्सल घ्यायचा असेल, तर दोन्ही गाड्यांच्या क्राउन-पिनियनचे (त्यातल्या दोन मुख्य दातेरी चाकांचे) दात मोजावेत, कारण रेशो बदलला की ओझे घेऊन घाट चढताना गाडी दम टाकू शकते आणि स्पीडोमीटरही चुकीचा वेग दाखवतो.

पिकअपची स्वतःची चॅसी आधी तपासावी. केबिनच्या मागे आणि स्प्रिंगच्या पाट्यांच्या हँगरजवळ हातोडीने ठोकून पाहावे. आवाज बद्द आला किंवा पापुद्रे सुटले, तर आधी ते काम करावे. चॅसी क्रमांकाच्या जागेवर ग्राइंडर किंवा वेल्डिंग अजिबात नको.

ब्रेकचे होज, व्हील सिलिंडरचे किट, लायनर, ऑइल सील, पट्टे आणि कूलंटचे पाइप नवेच घ्यावेत. नोझल आणि डिझेल पंप कॅलिब्रेशनला द्यावेत. क्लच प्लेट डोनरची वापरू नये.

पुढचे थोडक्यात. हौद्याचा पत्रा, डेंटिंग, रंग हे गाडी चालू झाल्यावरच. ऑइल, फिल्टर, हवा काढणे, ब्रेकचे ब्लीडिंग. परिवहन कार्यालयाच्या फिटनेस तपासणीआधी दिवे, वायपर, हॉर्न, रिफ्लेक्टर. विमा, पीयूसी, पर्यावरण कर.

सुमोचा सांगाडा मात्र पिकअप ओझ्यासकट चालवून पाहीपर्यंत भंगारवाल्याला देऊ नये. एखादा ब्रॅकेट नक्की त्याच्यावर राहिलेला असतो. सांगाडा भंगारात दिल्यावर त्याच कायद्याच्या कलम 55 नुसार सुमोच्या नोंदणीकृत मालकाने 14 दिवसांत आरसी जोडून परिवहन कार्यालयाला कळवावे.