उन्हाळ्यात ढिला झालेला दांडा पाण्यात नको, तेलात ठेवा

परभणीकडं मे महिन्यात पारा ४२ च्या वर गेला की बाभळीचा दांडा सुकून आकसतो अन् हातोडी, वाकस, कुऱ्हाड खुळखुळायला लागते. आपण ती रात्रभर बादलीत बुडवतो. सकाळी घट्ट वाटते, पण दोन दिवसांत पाणी उडालं की आधीपेक्षा जास्त हलते.

त्यापेक्षा असं करा:

१. अवजार उलटं, म्हणजे लोखंड खाली लोंबकळतं धरा अन् दांड्याच्या वरच्या टोकावर लाकडी ठोकळ्यानं ठोका. लोखंड आपोआप दांड्यावर चढत जातं. पाचर वर आली असेल तर तीही ठोकून बसवा.
२. रंगाच्या दुकानातलं बेलतेल, म्हणजे जवसाचं उकळलेलं तेल, वाटीत दोन बोटं घ्या. पाचरीकडचं टोक त्यात रात्रभर उभं ठेवा. लाकूड तिथूनच तेल पितं.
३. पुसून दोन-तीन दिवस सावलीत वाळवा.

हे तेल आत सुकतं, पाण्यासारखं उडून जात नाही. सुरीची लाकडी मूठसुद्धा मी यानंच पुसतो.

पुसलेल्या चिंध्या मात्र चुरगळून कोपऱ्यात टाकू नका, त्या आपोआप पेट घेतात. पाण्यात भिजवून बाहेर मोकळ्यावर पसरा.