एबीजी (धमनीच्या रक्तातल्या वायूंची तपासणी) रिपोर्ट हाती आला की
आयसीयूत नव्या नर्स मुलींना मी आधी पेशंटकडे बघायला लावते, मग कागदाकडे. श्वास मोजा. बोटावरच्या प्रोबखालची नेलपॉलिश पुसा, नाहीतर एसपीओटू (प्रोबने मोजलेलं रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण) फसवतो. मनगटातून रक्त घेतलं की सिरिंजमधला बुडबुडा लगेच काढा, ऑक्सिजन किती चालू आहे ते फॉर्मवर लिहा आणि जागा ५ मिनिटं दाबून धरा. स्वतः, नातेवाइकांनी नव्हे!

रिपोर्टमध्ये पहिला पीएच, म्हणजे रक्ताची आम्लता: नॉर्मल ७.३५ ते ७.४५. तो खाली आणि कार्बन डायऑक्साइड ४५ च्या वर, तर दोष श्वासाचा. बायकार्बोनेट २२ च्या खाली असेल तर किडनी, डायबेटिस, जुलाब, सेप्सिस आठवा. सीओपीडीच्या (फुप्फुसांचा जुनाट आजार) आजोबांना मात्र एसपीओटू ८८ ते ९२ टक्के पुरे. आजोबा पेंगायला लागले तर एसपीओटू चांगला दिसला तरी डॉक्टरांना बोलवा.