वर्गाला रानात नेताय? या चुका टाळा

पावसाळा ओसरला की शाळांना क्षेत्रभेट आठवते. एक दिवस बाहेर, चार फोटो, ग्रुपवर ‘आनंददायी शिक्षण’ असा मजकूर, की झालं. परिसर अभ्यास पुस्तकाबाहेर काढायची संधी तिसरी-चौथीच्या पोरांना तशीही क्वचितच मिळते, आणि ती दरवर्षी त्याच त्या चुकांत वाया जाते.

जागा आधी न बघणं

माझ्या मते सगळ्यात मोठी चूक हीच. शेजारच्या एका शाळेची चौथी धरणाकाठच्या वडाखाली गेली होती, मदतीला मलाही बोलावलं होतं. मी गाडी लावून पोहोचेपर्यंत खिचडीसाठी तीन दगडांची चूल पेटलीसुद्धा. धूर सरळ वर गेला आणि वर आग्या मोहोळ. हे मोहोळ सातेरी मधमाश्यांच्या पोळ्यासारखं ढोलीत लपलेलं नसतं, उघड्यावर फांदीला लोंबतं. कुणी एकदा मान वर केली असती तरी दिसलं असतं. बघता बघता पोरं चहूकडे पांगली. कुणी हात झाडतंय, कुणी किंचाळतंय, दोघं-तिघं तर थेट पाण्याकडे धावली. मला माश्यांपेक्षा त्या पाण्याची धास्ती जास्त वाटली. डोक्यावर दप्तरं धरून सगळ्यांना बसमध्ये कोंबलं, काचा लावल्या आणि तसेच ग्रामीण रुग्णालय गाठलं. पोरं बरी झाली हे नशीब. जागा कुणी ठरवली असं विचारलं, तर उत्तर आलं, “मॅपवर सावली चांगली दिसली, सर.”

मॅपवर मोहोळ दिसत नाही. मी आदल्या आठवड्यात त्याच वेळेला एकटा जाऊन येतो. झाडाखाली उभं राहून आधी वर बघतो, मग खाली. कड्याच्या कपारी, पुलाची खालची बाजू, पाण्याची उंच टाकी इथे आग्या हमखास बसतात. खाजकुइलीचा वेल आहे का ते बघतो, कारण तिच्या वाळलेल्या शेंगांची लव अंगाला लागली की उरलेला दिवस खाजवण्यात जातो. मुलींना आडोसा कुठे आहे, हेही आधीच बघायचं असतं. आणि गुराखी भेटला तर त्याच्याशी दहा मिनिटं बोलतो. त्याला जे ठाऊक असतं ते कुठल्याही माहितीपत्रकात नसतं.

माशी चावलीच तर नांगी लगेच नखाने खरवडून काढा. कातडीत राहिली तर ती विष सोडत राहते, आणि तिच्या वासाने बाकीच्या माश्या तिथेच तुटून पडतात. चेहरा सुजला, धाप लागली, तर चुना-कांदा करत बसू नका. सरळ दवाखाना.

कृतिपत्रिका नावाचं खूळ

यावर माझा राग जरा जास्तच आहे. वीस प्रश्नांचा कागद, हातात पेन्सिल, आणि बाई ओरडतायत, “पाच झाडांची नावं लिहा!” एक पोर लिहितं, बाकीची त्याचं बघून उतरवतात. अशाच एका भेटीत एक मुलगा रुईपाशी थांबला आणि म्हणाला, “याला आमच्या शेळ्या तोंड लावत नाहीत.” त्याला काय मिळालं? “मध्ये बोलू नकोस, रांगेत चल.” अहो, सबंध पाठ तिथेच उभा होता! रुईचा चीक विषारी. तरी बिबळ्या कडवा नावाच्या फुलपाखराच्या पट्टेरी अळ्या तिच्याच पानांवर वाढतात. ते विष अंगात साठवतात, म्हणून पक्षी त्या फुलपाखराच्या वाटेला सहसा जात नाहीत. शेळीपासून पक्ष्यापर्यंत सगळं एका झुडपात सापडलं असतं. (चीक डोळ्यात जाऊ देऊ नका, पान तोडायचं तर मोठ्यांनीच.)

मी कागद नेतच नाही. एका झुडपापाशी पोरांना बसवतो आणि गप्प राहतो. नव्या शिक्षकांना ही शांतता सोसवत नाही, लगेच माहिती सांगायला लागतात. पाच मिनिटं कळ काढा हो, प्रश्न पोरंच विचारतात. लिहिणं दुसऱ्या दिवशी वर्गात.

लांबची ओढ

शेकरू राज्यप्राणी आहे म्हणून तिसरीला पहाटे उठवून भीमाशंकरला नेऊ नका. निम्मी पोरं घाटात ओकतात, आणि पन्नास जणांच्या कलकलाटात शेकरू कशाला थांबतंय? शाळेमागचा उंबर पुरतो. फळ फोडून दाखवा. फुलं आतच असतात आणि चिमुकल्या माश्याही. त्या माश्यांवाचून उंबरात बी धरत नाही.

बाकीच्या चुकांना एकेक ओळ पुरे:

- भर दुपारी निघणं. पक्षी तेव्हा सावलीला असतात. शनिवारची सकाळची शाळा असताना दुपार कशाला?
- पावसाळ्यात ओढ्यात उतरवणं. वर डोंगरात पडलेला पाऊस खाली दिसत नाही, त्याचं पाणी मात्र अचानक येतं.
- सुगरणीचं ‘रिकामं’ घरटं कापून वर्गात टांगणं. जुन्या घरट्यांत मनोलीसारखे पक्षी बिऱ्हाड करतात.
- वेफर्सची पाकिटं वाटून मग प्लास्टिकवर भाषण देणं. डबे घरचेच आणायला सांगा.
- निघतानाच डोकी मोजणं. मी प्रत्येक थांब्यावर मोजतो, शिवाय जोड्या लावून देतो.

आणि एकदाच जाऊन मोकळं होऊ नका. काटेसावर दिवाळीत पानांनी भरलेली दाखवली असेल, तर फेब्रुवारीत पुन्हा त्याच झाडाखाली न्या. पानं गळून लाल फुलं आलेली असतात आणि मैना, बुलबुल त्यांवर तुटून पडलेले असतात. दर खेपेला मुख्याध्यापकांची परवानगी मात्र लेखीच घ्या. तोंडी दिलेलं “जा, घेऊन जा” नंतर कुणालाच आठवत नाही.