उशीखालचा बिस्किटांचा पुडा: रुग्णाशी वागताना या चुका टाळा

मेडिसिन वॉर्डात एका आजींची शुगर तीन दिवस तीनशेच्या खाली येत नव्हती. इन्सुलिन वेळेवर जात होतं, डाएटचं ताटही जात होतं. डॉक्टरांनी युनिट वाढवले. चौथ्या दिवशी चादर बदलताना मावशींना उशीखाली ग्लुकोज बिस्किटांचा अर्धा पुडा सापडला. आजींना रात्री भूक लागायची, पण सांगायची सोय नव्हती. पहिल्याच रात्री, ड्युटीवरची सिस्टर म्हणून, मी त्यांना झापलं होतं, "सारखं काय खायला लागतं हो तुम्हाला?"

नुसता पुडा उचलून वाढवलेला डोस तसाच ठेवला असता तर पहाटे शुगर घसरून आजी घामाघूम होऊन बेशुद्ध पडल्या असत्या. दरडावलं की पेशंट सुधारत नाही, लपवायला लागतो. मग त्याच्या अर्धवट माहितीवर आपण डोस ठरवतो. नव्या सिस्टरांना मी म्हणूनच सांगते, शुगर किंवा बीपी विनाकारण चढं दिसलं तर औषध वाढवायची घाई होण्याआधी खाट गाठा. "गोळी का चुकवली?" असं विचारू नका. "बऱ्याच जणांची गोळी राहून जाते, तुमची या आठवड्यात किती वेळा राहिली?" असं विचारा. आकडा हमखास मिळतो.

दुसरी चूक रोजचीच आहे: "समजलं ना?" याला आपल्याकडे एकच उत्तर असतं, "हो." साहेबांपुढे नाही कोण म्हणणार? डिस्चार्ज कार्ड हातात देताना म्हणा, "आता घरी जाऊन सुनेला काय सांगाल, ते मला सांगा बघू." एका ताईंनी लोहाची गोळी सकाळच्या चहासोबत घेईन असं सांगितलं, तेव्हा कळलं की 'चहासोबत नको' हे मी बोललेच नव्हते. चहामुळे लोह अंगी लागत नाही. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्या पाकिटावर सूर्य आणि चंद्र काढून द्या. मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या गोळीच्या पाकिटावर सोबत जेवणाचं ताटही काढा, कारण ही गोळी रिकाम्या पोटी घेतली तर मळमळतं आणि लोक ती परस्पर बंद करतात.

ओपीडीत "बसा बाहेर" म्हणून मोकळं होऊ नका. "डॉक्टर ऑपरेशन थिएटरमध्ये आहेत, एक वाजेल, तोवर डबा खाऊन या" एवढं वाक्य पुरतं (उपाशीपोटी रक्त द्यायचं नाही ना, एवढं आधी पाहून घ्या). खेड्यातल्या माणसाला वाट पाहण्याचा त्रास कमी असतो, शेवटची एसटी चुकेल याची धास्ती जास्त. वेळ माहीत नसेल तर तसंच सांगा.

'बारा नंबर', 'तो डायलिसिसवाला' ही भाषा फाइलपुरती ठेवा. राउंडला खाटेच्या पायथ्याशी उभं राहून त्याच्याबद्दल इंग्रजीत बोलू नका. शब्द कळले नाहीत तरी आपले चेहरे त्याला वाचता येतात.

लेबर रूमबद्दल मात्र मला थांबून बोलायचं आहे. कळा देणाऱ्या बाईला टोमणा मारणं, मांडीवर चापट मारणं याला आमच्या पिढीत 'तशी सवयच असते' म्हणून सोडून द्यायचे. केंद्र सरकारने 2017 च्या डिसेंबरात लेबर रूमचा दर्जा सुधारण्यासाठी 'लक्ष्य' कार्यक्रम सुरू केला, त्यात प्रसूतीच्या वेळची सन्मानाची वागणूक हा दर्जाचाच भाग धरला आहे. घाबरलेली बाई श्वास रोखते, सांगितलेलं ऐकू येत नाही, आणि आपण आणखी ओरडतो. आई किंवा सासू, जी तिला हवी असेल ती, शेजारी उभी राहू द्या. आपला आवाज आपोआप खाली येतो.

आता कुणी म्हणेल, रात्रपाळीला एका सिस्टरकडे चाळीस खाटा, गोड बोलायचं कधी? खरं आहे. रिकाम्या जागा भरायचं काम शासनाचं, ते हसऱ्या चेहऱ्याच्या प्रशिक्षणाने होत नाही, आणि प्रशिक्षण देणाऱ्यांना हे तोंडावर सांगायला मी कचरत नाही. पण झापायलाही वेळ लागतोच.

आणि तोंडून निघून गेलंच तर? पाळी संपायच्या आत त्या खाटेपाशी परत जा. "मघाशी मी जोरात बोलले, काय सांगत होता तुम्ही?" एवढं विचारा आणि मिनिटभर गप्प उभ्या राहा. आजींनाही मी असंच विचारलं, तेव्हा त्यांनी मला पुड्याबद्दल नाही, रात्री पाय बधिर होतात त्याबद्दल सांगितलं. ते फाइलमध्ये कुठेच नव्हतं.