ब्राउझर गेम जॅममध्ये उतरताय? मग निदान या चुका टाळा

ऑगस्ट उजाडला की आमच्या नाशिकच्या ग्रुपवर नवी मंडळी येतात. कुणी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, कुणी अंबडला दिवसभर वेगळंच काम करून रात्री कोड लिहिणारं. निमित्त बहुतेक वेळा 'जेएस-थर्टीन-के'चं. २०१२ पासून चालू असलेला हा ऑनलाइन गेम जॅम, म्हणजे दिलेल्या थीमवर ठरलेल्या मुदतीत गेम करायची स्पर्धा. १३ ऑगस्टला थीम जाहीर होते, आपल्या घड्याळात दुपारी साडेचारला, आणि १३ सप्टेंबरला त्याच वेळी दार बंद. महिनाभरात जावास्क्रिप्टमध्ये गेम करायचा आणि चित्रं, आवाज, कोड सगळं मिळून १३ किलोबाइटच्या झिपमध्ये बसवायचं. फॅमिली ग्रुपवरचं 'शुभ सकाळ'चं चित्र याहून जड असतं.

काही जण लुडम डेअरसारख्या दोन-तीन दिवसांच्या जॅमला उतरतात, काही इच-आयओ या गेमच्या साइटवर रोज सुरू असणाऱ्या लहानसहान जॅमना. स्पर्धा कुठलीही असो, रड तीच. कल्पना चांगली असते, पोरं हुशार असतात, मेहनतही करतात. फक्त तो गेम अनोळखी माणसाच्या मशीनवर कसा चालतो, हे डेडलाइनपर्यंत कुणी बघितलेलंच नसतं. आणि मत देणारा तर अनोळखीच असतो.

'माझ्या लॅपटॉपवर बरोबर चालतं, दादा'

हे वाक्य ऐकलं की माझं डोकं उठतं.

गंगापूर रोडच्या एका पोराने फार सुंदर कल्पना काढली होती. जागा गोदाघाट. धरणातून विसर्ग वाढलाय, पाणी चढतंय, आणि खेळणाऱ्याने घाटावरच्या टपऱ्या, भाजीच्या पाट्या, एक अडेलतट्टू म्हैस असं सगळं वर हलवायचं. पातळी दाखवायला कोपऱ्यात पट्टी वगैरे नाही, थेट नदीपात्रातली दुतोंड्या मारुतीची मूर्ती. पाणी पायाला, गुडघ्याला, कमरेला, छातीला. नाशिककराला हे समजवावं लागत नाही, पावसाळ्यात आपण पूर तसाच मोजतो. पण गंमत अशी की ज्याने नाशिक नकाशावरही पाहिलेलं नाही, त्यालाही मूर्ती बुडताना दिसली की काय चाललंय ते लगेच कळतं. ना सूचना, ना बाण. जॅमच्या गेमला याहून चांगलं काय हवं?

मतदान सुरू झालं आणि शेरे येऊ लागले. 'अशक्य आहे.' 'चित्रं छान, पण हे जिंकता येतं का?' एकाने तर पुराची भीषणता परिणामकारक दाखवल्याबद्दल अभिनंदन केलं. पोरगं चक्रावलं. त्याच्याकडे पाणी मारुतीच्या डोक्यावर जायला एक मिनिट लागायचं, तेवढ्यात तो म्हशीसकट सगळं वर काढायचा.

कोड उघडला तर पहिल्या नजरेत दिसलं: पाणी प्रत्येक फ्रेमला, म्हणजे स्क्रीनवर उमटणाऱ्या प्रत्येक नव्या चित्राला, ठरलेल्या पिक्सेलने चढत होतं. पुढची फ्रेम मागायचं ब्राउझरचं फंक्शन, रिक्वेस्ट-अॅनिमेशन-फ्रेम, सहसा स्क्रीनच्या रिफ्रेशप्रमाणे चालतं. याचा लॅपटॉप ६० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ६० फ्रेम. शेरे लिहिणारे स्वतः गेम करणारे, त्यांच्यातल्या अनेकांच्या टेबलावर १४४ हर्ट्झचे मॉनिटर. तिथे पाणी २.४ पट वेगाने चढणार. एका मिनिटाचा पूर २५ सेकंदांत! टपरी उचलणारा माणूसही तितकाच सुसाट पळायचा म्हणा, पण खेळणाऱ्याची बोटं तीच ना. उलट आयफोन लो पॉवर मोडवर असेल तर सफारी फ्रेम ३० वर आणते. तिथे हाच पूर दोन मिनिटं रेंगाळणार आणि माणूस कंटाळून निघून जाणार.

दुरुस्ती दहा मिनिटांची होती. पण बऱ्याच जॅममध्ये मतदान सुरू असताना फाइल बदलता येत नाही, आणि इथेही येत नव्हती. शेवटपर्यंत तो गेम तसाच बुडत राहिला.

हे टाळायला माझी एक सवय आहे. गेममध्ये काहीही हलायच्या आधी, अगदी पहिल्या दिवशी, मी वेळेचा हिशोब लिहितो. मागच्या फ्रेमपासून किती वेळ गेला ते मोजायचं, तो वेळ एका गल्ल्यात टाकायचा आणि गल्ल्यात सेकंदाचा साठावा भाग जमला की गेमचं एक पाऊल पुढे टाकायचं. उरलेला वेळ पुढच्या फ्रेमसाठी शिल्लक. स्क्रीन कितीही हर्ट्झची असो, गेमची पावलं सेकंदाला ६०च. 'वेग गुणिले गेलेला वेळ' हा सोपा मार्गही चालतो. पण उडी आणि गुरुत्वाकर्षण आलं की त्यात वेगवेगळ्या मशीनवर उड्यांची उंची किंचित वेगळी पडते, आणि नेमक्या त्या किंचित फरकाने कुणीतरी तिसऱ्या लेव्हलला अडकतं. म्हणून मी पावलंवाला आहे.

यात एक मेख आहे. टॅब बदलला की फ्रेम थांबतात. माणूस चहा पिऊन परत आला की मधला सगळा वेळ एकदम गल्ल्यात पडतो आणि पूर एका झटक्यात डोक्यावर! म्हणून एका फ्रेमचा वेळ सेकंदाच्या दहाव्या भागापेक्षा जास्त धरायचाच नाही.

तपासायला महागडा मॉनिटर लागत नाही. हल्ली मध्यम किमतीच्या फोनलाही ९० किंवा १२० हर्ट्झचा डिस्प्ले असतो. सेटिंगमध्ये जाऊन जास्तीचा रिफ्रेश रेट लावा आणि गेम तिथे उघडा. मंद मशीनसाठी क्रोमच्या डेव्हटूल्समध्ये, म्हणजे ब्राउझरमधल्याच तपासणीच्या साधनांमध्ये, सीपीयूचा वेग मुद्दाम कमी करायची सोय आहे.

आणि हो, एआयला 'गेम लूप दे', म्हणजे गेम फ्रेममागून फ्रेम चालवणारा कोड दे, म्हटलं की लूप मिळतो. त्यात वेळेचा हिशोब आहे का, हे वाचायला मात्र तुम्हालाच बसावं लागतं. ते करायला कुणी तयार नसतं. 'दादा, चालतंय की!' चालतंय रे, तुझ्याकडे.

'अपलोड काय, पाच मिनिटांचं काम'

२०१८ साली १३ सप्टेंबरला गणेश चतुर्थी होती. म्हणजे डेडलाइन गणपती बसण्याच्या दिवशी, दुपारी साडेचारला. त्या वर्षीची थीम होती 'ऑफलाइन', हा आणखी एक विनोद. दरवर्षी इतकं नेमकं जुळत नाही, पण महिन्याचा शेवटचा टप्पा आणि गणपती बऱ्याचदा एकमेकांच्या अंगावर येतात. घरी पाहुणे, मंडळाचं काम, बाहेर ढोल, वर पाऊस, आणि इंदिरानगरला लाईट गेली तर मोबाइलच्या हॉटस्पॉटवर सगळी भिस्त. या गडबडीत जो पहिल्यांदाच अपलोडचं पान उघडतो, त्याची मला दया येत नाही.

कारण नेमकं तिथेच काय काय फुटतं ते बघा. विंडोजमध्ये फाइलच्या नावातलं कॅपिटल-स्मॉल चालून जातं. फोल्डरमध्ये चित्राचं एक्स्टेन्शन कॅपिटलमध्ये आणि कोडमध्ये स्मॉल असलं तरी चित्र दिसतं. इच-आयओच्या सर्व्हरवर ती दोन वेगळी नावं आहेत. एका मुलीच्या गेममध्ये नायकच गायब झाला होता. शत्रू, नाणी, ढग सगळे जागेवर, आणि मधे हवेतून आपोआप गोळ्या सुटतायत. तिला वाटलं कोडमध्ये बग आहे, म्हणून डेडलाइनच्या शेवटच्या तासात तिने चांगला चाललेला कोड उकरला आणि उडीही बिघडवून ठेवली. डेव्हटूल्समधला कन्सोल उघडला असता तर ४०४ची, म्हणजे 'फाइल सापडली नाही'ची, लाल ओळ समोरच होती.

माझा नियम: जागेवरून काही हललं नाही तर आधी कन्सोल, मग नेटवर्कचा टॅब, आणि कोडला हात सगळ्यात शेवटी. फाइलची नावं कायम स्मॉल लिपीत, मधे स्पेस नाही.

झिप करताना लोक बाहेरचा फोल्डर झिप करतात. मग इंडेक्स डॉट एचटीएमएल, म्हणजे गेमची पहिली फाइल, एक मजला आत जातं आणि सर्व्हरला दारच सापडत नाही. फोल्डरच्या आत जाऊन फाइल निवडा, मग झिप करा. मॅकवाले त्यात स्वतःच्या लपलेल्या फाइलही कोंबतात, १३ किलोबाइटच्या स्पर्धेत ही चैन परवडत नाही. तिथली मर्यादा म्हणजे नेमके १३,३१२ बाइट. प्रॉपर्टीजमध्ये 'साइझ'समोरचा बाइटचा आकडा बघायचा, त्याखालचा 'साइझ ऑन डिस्क' नव्हे. हा आकडा मी रोज रात्री झोपायच्या आधी बघतो. शेवटच्या दिवशी चारशे बाइट कापायला बसलेला माणूस नेहमी चुकीचंच कापतो.

आणखी एक. फाइलवर डबल क्लिक करून गेम उघडायची सवय सोडा. तसं उघडलं की जावास्क्रिप्टची मॉड्यूल, म्हणजे वेगळ्या फाइलमधले कोडचे तुकडे, लोड होत नाहीत, आणि मग लोक वैतागून सगळा कोड एकाच फाइलमध्ये ओततात. पायथन असेल तर एका ओळीत आपल्याच मशीनवर लोकल सर्व्हर सुरू होतो. तेवढं शिका.

पहिल्याच संध्याकाळी, गेममध्ये फक्त एक चौकोन इकडून तिकडे हलत असताना, तो अपलोड करून टाका. इचवर पान ड्राफ्ट ठेवून गुप्त लिंक देता येते. ती लिंक बहिणीच्या, रूममेटच्या, शेजारच्या काकांच्या मशीनवर उघडा. तुमच्यावर नव्हे! तुमच्या ब्राउझरच्या कॅशमध्ये जुन्या फाइल पडलेल्या असतात आणि तो तुम्हाला गोड खोटं सांगतो.

आता पटापट

आवाज: पानावर क्लिक किंवा कळ दाबल्याशिवाय ब्राउझर आवाज सुरू करू देत नाही. २०१८ पासून क्रोमचं धोरणच ते आहे. 'खेळा' असं बटण ठेवा आणि त्याच्या क्लिकवर ऑडिओ जागा करा. आवाज बंद करायची कळही द्या, रात्री दोनला खेळणारे असतात. आवाजाच्या फाइल जड होत असतील तर कोडमधूनच आवाज तयार करणारं झेडझेडएफएक्स बघा, एका किलोबाइटच्या आत बसतं.

कळा: डब्ल्यू-ए-एस-डी ठेवताना अक्षर तपासू नका, कीबोर्डवरची जागा तपासा. कळ दाबल्यावर मिळणाऱ्या इव्हेंटमध्ये 'की' वेगळी आणि 'कोड' वेगळा, आपल्याला 'कोड' हवा. फ्रेंच कीबोर्डवर डब्ल्यूच्या जागी झेड असतो, तिथल्या माणसाची बोटं तुमच्यामुळे पिळवटतात. बाणाच्या कळा आणि स्पेसबार दाबल्यावर मागचं पान सरकत असेल तर तेही रोखा.

सेव्ह: जेएस-थर्टीन-केवर सगळे गेम एकाच पत्त्यावरून चालतात, म्हणजे लोकल स्टोरेज, ब्राउझरमधली सेव्हची जागा, सामायिक. 'स्कोअर' असलं नाव देऊ नका, पुढे स्वतःच्या गेमचं नाव लावा. आणि सगळं पुसणारी 'क्लिअर' कमांड तर अजिबात नको, दुसऱ्याचं सेव्ह उडतं.

बाहेरून फॉण्ट किंवा लायब्ररी ओढणं: जेएस-थर्टीन-केवर बाद.

इंजिन: गोडो ४ या गेम इंजिनमध्ये सी-शार्प भाषेत गेम लिहिला तर तो वेबसाठी एक्स्पोर्टच होत नाही. हे पहिल्या दिवशी माहीत हवं, तिसऱ्या नव्हे. आणि पहिल्याच जॅमला मल्टिप्लेअर काढणाऱ्याशी मी वाद घालत नाही, शुभेच्छा देतो.

मराठी मजकूर: याच्यावर थोडं थांबतो, कारण इंग्रजी ट्युटोरियलमध्ये हे सापडायचं नाही. एकेक अक्षर टाइप होत संवाद उमटतो, तो इफेक्ट सगळ्यांना हवा असतो. जावास्क्रिप्टने मराठी वाक्य असं सरळ तोडलं की 'की' आधी 'क' म्हणून येतो आणि वेलांटी मागून धडपडत येते. 'क्षण' तर आधी 'क', मग पाय मोडलेला 'क्' असा येतो. दर अक्षराला ओळ थरथरते, वाचवत नाही. जावास्क्रिप्टच्याच 'इंटल'मधलं 'सेगमेंटर' वापरा, ते काना-मात्रा मूळ अक्षरासोबत ठेवतं. जुन्या ब्राउझरमध्ये जोडाक्षर तरीही तुटू शकतं, म्हणून मी हल्ली अक्षर-अक्षर सोडून शब्द-शब्द दाखवतो. वेगही बरा वाटतो. शिवाय अक्षरं साठवायच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं, तेव्हा १३ किलोबाइटमध्ये आजीची गोष्ट सांगायला बसू नका. फॉण्ट समोरच्याच्या मशीनवरचा असणार. एखाद्या लिनक्सवर नुसते चौकोन दिसतील, म्हणून महत्त्वाची सूचना चित्रातूनही द्या.

थीम: आधीच डोक्यात असलेला गेम करून त्यावर थीम चिकटवणं. जेएस-थर्टीन-केला २०२५ मध्ये 'काळी मांजर' होती. जुन्याच उड्या मारणाऱ्या डब्याला दोन कान लावले की झालं, असं ज्यांना वाटतं त्यांचं मतदारांना पहिल्या दहा सेकंदांत कळतं.

अवघडपणा: महिनाभर तोच गेम खेळून तुम्ही त्यात पटाईत झालेले असता. तुम्हाला सोपं वाटतंय म्हणजे नवख्याला मध्यम. पहिली लेव्हल हरता येणार नाही इतकी सोपी ठेवा. शेजारच्या काकांना खेळायला बसवलं की मागे उभं राहून 'तिथे नाही, इकडे' करू नका. तोंड बंद ठेवा आणि ते कुठे अडतात ते लिहून घ्या.

आणि सबमिट झालं की गायब होणारे. स्वतःच्या पानाची लिंक दहा ग्रुपवर टाकायची आणि दुसऱ्याचा एकही गेम उघडायचा नाही, ही आपल्याकडची फार जुनी खोड. जॅममध्ये मतं देणारे बरेचसे स्पर्धकच असतात. लुडम डेअरला तर पुरेशी मतं मिळाली नाहीत तर क्रमांकच लागत नाही. दुसऱ्यांचे गेम खेळा, नीट शेरा लिहा, 'नाइस गेम' नव्हे. काय आवडलं आणि कुठे अडलो एवढ्या दोन ओळी लिहिल्या की त्यातले बरेच जण उलट तुमच्या पानावर येतात. तेव्हा तिथे कुठली कळ कशासाठी आहे ते लिहिलेलं असू द्या.